नावांचा करार: क्लासमधील फील्ड आणि एक्सएमएलमधील एलिमेंट

चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीत असलेली माहिती आणि त्याच प्रोग्रॅममधून बाहेर पाठवलेली माहिती यांचे रूप एक नसते. स्मृतीत ती ‘ऑब्जेक्ट’च्या रूपात, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या मूल्यांच्या गटाच्या रूपात, वावरते, एका रहिवाशाच्या ऑब्जेक्टमध्ये त्याचे नाव असते, जन्मतारीख असते आणि पत्त्याचे वेगळे ऑब्जेक्ट स्मृतीत कोठे आहे हे सांगणारा निर्देशही असतो. हा निर्देश त्या एका प्रोग्रॅमपुरता आणि तो चालू असेपर्यंतच अर्थपूर्ण असल्यामुळे तो दुसऱ्या यंत्राकडे जसाच्या तसा पाठवून काही साधत नाही. जबलपूर स्थानकात एके काळी १६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉडगेज मार्गाने आलेला आणि पुढे गोंदियाकडे जाणारा माल ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेज डब्यांत उतरवून भरावा लागे, कारण एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालतच नसे. स्मृतीतील ऑब्जेक्टबाबतही माल तोच ठेवून वाहन बदलावे लागते. ऑब्जेक्टमधील मूल्ये काढून त्यांची क्रमाने लिहिता येईल अशी मांडणी करणे याला ‘सिरियलायझेशन’ म्हणतात, आणि अशा मांडणीतून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करणे याला ‘डिसिरियलायझेशन’.

ही मांडणी ज्या प्रकारांनी होते त्यांपैकी एक्सएमएल हा शासकीय आणि बँकिंग व्यवहारांत खोलवर रुजलेला प्रकार आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्याची पहिली अधिकृत शिफारस प्रसिद्ध केली. एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीभोवती तिचे नाव सांगणारी सुरुवातीची आणि शेवटची खूण, म्हणजे टॅग, असते. दोन टॅग आणि त्यांच्यामधला मजकूर मिळून एक ‘एलिमेंट’ होतो, आणि सुरुवातीच्या टॅगमध्येच नाव व मूल्य अशी जी जोडी लिहिता येते तिला ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत जबलपूरच्या सदर बाजारातल्या दुकानदाराला ग्राहकाने पैसे पाठवले की बँका आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन यांच्यामध्ये जे संदेश फिरतात ते एक्सएमएलमध्ये असतात; रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस व्यवस्था २०१३ पासून आयएसओ २००२२ या प्रमाणातील एक्सएमएल संदेश वापरते; आणि आधार क्रमांकधारकाला प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘ऑफलाइन ई-केवायसी’ नावाची जी फाइल उतरवून घेता येते तीही डिजिटल स्वाक्षरी केलेला एक्सएमएल दस्तऐवजच असतो. जबलपूरच्या रहिवाशाला स्वतःच्या संगणकावर उघडून पाहता येईल असे एक्सएमएलचे सर्वांत जवळचे उदाहरण हेच असल्यामुळे या प्रकरणात त्याचा आधार वारंवार घेतला आहे.

क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा, आणि त्या आराखड्यातील प्रत्येक नावाची जागा म्हणजे फील्ड. ‘रहिवासी’ या क्लासमध्ये ‘क्रमांक’, ‘नाव’ आणि ‘पत्ता’ ही फील्डे, आणि ‘पत्ता’ या क्लासमध्ये ‘शहर’ व ‘पिनकोड’ ही फील्डे असतील, तर त्याचे एक्सएमएल रूप पुढीलप्रमाणे होऊ शकते:

<रहिवासी क्रमांक="२७">
  <नाव>सुमती वऱ्हाडपांडे</नाव>
  <पत्ता>
    <शहर>जबलपूर</शहर>
    <पिनकोड>४८२००१</पिनकोड>
  </पत्ता>
</रहिवासी>

ही नावे देवनागरीत लिहिली आहेत ती केवळ छपाईच्या सोयीसाठी नव्हे. एक्सएमएलच्या नियमांनुसार टॅगचे नाव देवनागरीत चालते आणि जावा या भाषेत क्लास व फील्ड यांची नावेही देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे वरचा दस्तऐवज आणि त्यामागचा क्लास दोन्ही प्रत्यक्षात चालणारे आहेत. मात्र या छोट्या नमुन्यातच तीन निर्णय दडलेले आहेत, आणि ते क्लासकडे नुसते पाहून कळत नाहीत: ‘क्रमांक’ हा अ‍ॅट्रिब्यूट झाला पण ‘नाव’ हा एलिमेंट झाला, ‘पत्ता’ आपल्या पोटातील फील्डांसह एका पातळीने आत गेला, आणि सर्वांत बाहेरचा एलिमेंट ‘रहिवासी’ ठरला. हे निर्णय कोठेतरी नोंदवावेच लागतात, आणि ते कोठे नोंदवायचे या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे अ‍ॅनोटेशन.

अ‍ॅनोटेशन ही कोडमधील एखाद्या क्लासला किंवा फील्डला चिकटवलेली नोंद असते. ती स्वतः कोणतीही कृती करत नाही, पण दुसरा प्रोग्रॅम ती वाचून त्याप्रमाणे वागू शकतो. डॉटनेटमध्ये अशा नोंदी २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून होत्या. जावामध्ये त्या २००४ च्या पाचव्या आवृत्तीत आल्या, आणि त्यांच्या बळावर २००६ मध्ये, जावाचे ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची सांगड घालणाऱ्या जाक्सबी या प्रमाणाची दुसरी आवृत्ती उभी राहिली. २००३ च्या पहिल्या आवृत्तीत क्लास हे एक्सएमएलच्या आराखड्यावरून, म्हणजे दस्तऐवजात कोणते एलिमेंट कसे असावेत हे ठरवणाऱ्या वर्णनावरून, यंत्राने तयार करून घ्यावे लागत, तर दुसऱ्या आवृत्तीत हाताने लिहिलेल्या साध्या क्लासवर नोंदी लावून तोच परिणाम साधता येऊ लागला. प्रोग्रॅम चालू असताना जाक्सबी ‘रिफ्लेक्शन’ या सोयीने, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःचीच रचना तपासण्याच्या सोयीने, क्लासमधील फील्डे आणि त्यांवरील नोंदी वाचते, त्यांवरून एकदाच एक तक्ता बांधते आणि मग प्रत्येक ऑब्जेक्ट त्या तक्त्याप्रमाणे लिहिते. ‘एक्सएमएल-रूट-एलिमेंट’ ही नोंद क्लास सर्वांत बाहेरचा एलिमेंट होऊ शकतो असे सांगते, ‘एक्सएमएल-एलिमेंट’ ही नोंद फील्डला एलिमेंट करते, ‘एक्सएमएल-अ‍ॅट्रिब्यूट’ अ‍ॅट्रिब्यूट करते, आणि ‘एक्सएमएल-ट्रान्झियंट’ त्या फील्डला दस्तऐवजातून वगळते.

यांतील ‘एक्सएमएल-एलिमेंट’ या नोंदीला नाव द्यावे लागतेच असे नाही. ते न दिल्यास फील्डचेच नाव एलिमेंटला मिळते, आणि क्लासच्या नावातील पहिले मोठे रोमन अक्षर लहान करून बाहेरच्या एलिमेंटचे नाव बनते. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नसल्याने तेथे नाव तसेच राहते. ही सवलत सुरुवातीला सुखद वाटते, पण या विषयातील सर्वांत महागडी चूक तिच्यातूनच जन्माला येते, आणि म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. क्लासमधील फील्डचे नाव ही प्रोग्रॅमरची खासगी बाब मानली जाते. वाचनीयता वाढावी म्हणून ‘पिन’चे ‘पिनकोड’ करणे, किंवा दोन क्लास एकत्र आणताना ‘शहर’चे ‘नगर’ करणे हे रोजचे काम असते, आणि आधुनिक संपादक एका कळीवर असे नाव संपूर्ण प्रकल्पात बदलून देतात. कोड पूर्वीप्रमाणेच चालतो, संकलकाची तक्रार येत नाही. परंतु नाव दिलेले नसेल तर त्या कळीबरोबर बाहेर जाणाऱ्या दस्तऐवजातील टॅगही बदललेला असतो. समोरच्या संस्थेचा प्रोग्रॅम ‘पिन’ शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि बहुतेक वाचक-प्रोग्रॅम अनोळखी टॅग मुकाट्याने सोडून देत असल्यामुळे तेथेही चूक न दाखवता पत्त्यातील पिनकोड रिकामा राहतो. फील्डचे नाव आतल्यांचे आणि एलिमेंटचे नाव बाहेरच्यांना दिलेले वचन असते. ही दोन नावे योगायोगाने सारखी असली तरी अ‍ॅनोटेशनमध्ये नाव स्पष्ट लिहिणे म्हणजे त्या वचनाची लेखी नोंद करणे होय. त्यामुळे जो दस्तऐवज आपल्या संस्थेबाहेर जाणार आहे त्याच्या क्लासमध्ये एकही फील्ड गृहीत नावावर सोडू नये, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी पाळावा.

याच गृहीतांपैकी आणखी एक जाक्सबी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात भेटते. नोंद नसताना जाक्सबी सार्वजनिक फील्डांकडे आणि मूल्य देणाऱ्या-घेणाऱ्या सार्वजनिक पद्धतींच्या जोड्यांकडे पाहते. खासगी फील्डवर नोंद लावली आणि त्याच फील्डसाठी अशी जोडीही क्लासमध्ये असली, तर जाक्सबीला एकाच नावाचे दोन गुणधर्म दिसतात आणि ती काम थांबवते. ‘एक्सएमएल-अ‍ॅक्सेसर-टाइप’ ही क्लासवरची नोंद वापरून फक्त फील्डेच पाहावीत असे सांगितले की हा घोळ मिटतो.

नावानंतर येतो तो मूल्याच्या प्रकाराचा प्रश्न, आणि येथे जबलपूरचा दूरध्वनी संकेतांक ०७६१ चांगला शिक्षक ठरतो. फील्ड पूर्णांकाचे ठेवले तर स्मृतीत केवळ ७६१ ही संख्या राहते, कारण संख्येला पुढचे शून्य नसते, आणि दस्तऐवजात ७६१ असेच जाते. इतकेच नव्हे, तर जावाच्या कोडमध्ये हा संकेतांक शून्यासह संख्या म्हणून लिहिला तर पुढचे शून्य अष्टमान पद्धतीची खूण मानले जाते आणि मूल्य ४९७ होते. पिनकोडला हा धोका नाही, कारण केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी रचलेल्या आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेल्या त्या पद्धतीत पहिला अंक विभागाचा असतो आणि तो शून्य नसतो. महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश या राज्यांचे पिनकोड ४ ने सुरू होतात. तरीही पिनकोडची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. ज्या अंकांवर गणित करायचे नसते ते अंक अक्षरमाला म्हणून ठेवावेत, हाच येथे शहाणपणाचा मार्ग आहे. या पुस्तकात अंक देवनागरीत छापले असले तरी दस्तऐवजातील फील्ड संख्येचे ठरवले की ही मोकळीक संपते: एक्सएमएलच्या आराखडा-भाषेत पूर्णांक केवळ आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहिता येतो. जावामधील अक्षरांची संख्या करणारी नेहमीची पद्धत मात्र देवनागरी अंकही स्वीकारते, आणि त्यामुळे आत चाललेले मूल्य बाहेर अवैध ठरण्याची शक्यता निर्माण होते.

तारखांचे काम याहून नाजूक असते. एक्सएमएलच्या आराखडा-भाषेतील तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली जाते. आधारच्या ऑफलाइन दस्तऐवजातील जन्मतारीख मात्र भारतीय सवयीप्रमाणे दिवस, महिना, वर्ष या क्रमाने येते. तिला तारखेच्या प्रकाराचे फील्ड सरळ जोडले तर वाचन फसते. अशा वेळी फील्डवर ‘एक्सएमएल-जावा-टाइप-अ‍ॅडॅप्टर’ ही नोंद लावून एक छोटा रूपांतरक जोडला जातो, जो बाहेरचा मजकूर आतल्या मूल्यात आणि आतले मूल्य बाहेरच्या मजकुरात कसे बदलायचे हे दोन पद्धतींत सांगतो. जावाच्या आठव्या आवृत्तीत २०१४ मध्ये आलेले तारखांचे नवे क्लास जाक्सबीच्या मूळ नियमांनंतर जन्मल्यामुळे त्यांनाही असाच रूपांतरक लागतो. अनेकांच्या आधारपत्रावर पूर्ण तारीख नसून केवळ जन्मवर्ष असते. रूपांतरक लिहिणाऱ्याने त्याचा विचार केला नाही तर त्या माणसांची नोंद वाचताना प्रोग्रॅम अडखळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे १ जानेवारी ही न सांगितलेली तारीख त्यांच्या नावावर चढवली जाते. वयस्क, शाळेचा दाखला नसलेली माणसे हीच बहुधा त्यांत असतात, आणि निवृत्तिवेतनासारख्या वयावर अवलंबून असलेल्या लाभांच्या वेळी त्या एका ओळीचा भार त्यांच्यावर पडतो.

मूल्य नसणे ही अवस्थाही एकच नसते. फील्डमध्ये काहीच नसेल तर जाक्सबी त्याचा एलिमेंट लिहितच नाही. फील्डमध्ये रिकामी अक्षरमाला असेल तर ती रिकामा एलिमेंट लिहिते. आणि नोंदीत ‘निलेबल’ असे सांगितले असेल तर एलिमेंट लिहून त्यावर ‘हा मुद्दाम रिक्त आहे’ अशी खास खूण करते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने या तीन गोष्टींचे अर्थ अनुक्रमे ‘विचारले नाही’, ‘विचारले आणि उत्तर कोरे आले’ आणि ‘उत्तर नाही असे ठरले’ असे होऊ शकतात. पत्त्यातील ‘जवळची खूण’ रिकामी असणे आणि ती मुळीच नसणे यांत टपालवाल्याला फरक पडत नसेल, पण नोंदी अद्ययावत करणाऱ्या प्रोग्रॅमला पडतो, कारण पहिल्यात जुनी खूण पुसायची असते आणि दुसऱ्यात ती राहू द्यायची असते. ‘रिक्वायर्ड’ ही नोंद लावली की जाक्सबी रिकामे फील्ड अडवेल असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. ती नोंद केवळ क्लासवरून बनवलेल्या आराखड्यात उतरते, लिहिताना कोणी तपासत नाही. अँड्रॉइडच्या जगात बराच काळ वापरल्या गेलेल्या ‘सिंपल’ या ग्रंथालयात नेमके उलट होते: तेथे फील्ड सक्तीचे असते आणि रिकामे आढळताच चूक दिली जाते, सवलत हवी असल्यास ती नोंदवावी लागते. जावामधील साध्या पूर्णांकाला तर रिकामे राहणेच शक्य नसते, त्याचे शून्य होते, आणि ज्याचे वय विचारलेच नाही तो माणूस दस्तऐवजात शून्य वर्षांचा होतो.

देवनागरी मजकूर या यंत्रणेतून जाताना जे घडते ते मराठी आणि हिंदी अशा दोन्ही लेखनपद्धती रोज वापरणाऱ्या जबलपूरसारख्या शहरात अधिक ठळक दिसते. मराठी घरात शहराचे नाव ‘जबलपूर’ लिहिले जाते आणि सरकारी हिंदीत ‘जबलपुर’. माणूस दोन्ही एकच समजतो, यंत्रासाठी त्या दोन वेगळ्या अक्षरमाला आहेत, आणि त्यामुळे शहराचे नाव मुक्त मजकूर म्हणून न ठेवता ठरावीक यादीतील संकेत म्हणून ठेवणे अशा ठिकाणी श्रेयस्कर असते. परंतु याहून खोल अडचण डोळ्यांना मुळीच दिसत नाही. वर आलेल्या ‘वऱ्हाडपांडे’ या आडनावातील अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: युनिकोडमधील ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी उमटतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांत, म्हणजे सममूल्य लेखनरूपांना एकाच रूपात आणणाऱ्या नियमांत, या दोघांना सममूल्य मानलेले नाही, त्यामुळे ते नियम लावूनही फरक मिटत नाही. ‘गढ़ा’ या जबलपूरच्या जुन्या वस्तीच्या हिंदी नावातील नुक्त्याच्या ‘ढ़’ची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, तेथेही एक अक्षर किंवा दोन खुणा असे दोन पर्याय आहेत, पण सामान्यीकरण त्यांना नेहमी दोन खुणांच्या रूपात आणते.

मूल्यात हे घडले तर शोध फसतो. टॅगच्या नावात घडले तर संपूर्ण फील्ड हरवते, कारण एक्सएमएल नावांची तुलना खुणेला खूण जुळवून करते. त्यातच नावात कोणती अक्षरे चालतात हे नियमही बदललेले आहेत. एक्सएमएलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी युनिकोडच्या २.० आवृत्तीतील अक्षरांची यादीच ठरवून टाकली होती. तीत शून्य रुंदीचे जोडचिन्ह नव्हते, आणि ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, म्हणून तेही नव्हते. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने यादीऐवजी विस्तृत पट्टे मान्य केले आणि दोन्हींना वाट मिळाली, परंतु जुन्या नियमांवर चालणारे वाचक-प्रोग्रॅम अजून वापरात आहेत, आणि ‘ॲ’ असलेला टॅग त्यांच्यापुढे आला की संपूर्ण दस्तऐवज सदोष ठरतो. देवनागरी टॅग वापरायचे असतील तर अर्धा र, ‘ॲ’ आणि नुक्ता टाळणारी नावे निवडावीत आणि ती अ‍ॅनोटेशनमध्ये एकाच ठिकाणी स्थिर शब्द म्हणून लिहून ठेवावीत. मराठी नावे वापरूच नयेत असा याचा अर्थ नाही. मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पत्ता’ आणि ‘शहर’ या टॅगांतून रचना जितकी स्वच्छ दिसते तितकी ती परक्या आद्याक्षरांतून दिसत नाही, आणि शिकवण्याच्या पुस्तकांनी हे स्वातंत्र्य अधिक वापरायला हवे.

क्रम आणि याद्या यांबाबत मात्र थोडक्यात आटोपता येते. रिफ्लेक्शनमधून फील्डे कोणत्या क्रमाने मिळतील याची जावा हमी देत नाही, तर आराखडा-भाषेत एलिमेंटांचा क्रम बहुधा सक्तीचा असतो. म्हणून ‘एक्सएमएल-टाइप’ या नोंदीत क्रम लिहून टाकावा. यादीतील प्रत्येक घटक सामान्यतः स्वतंत्र एलिमेंट म्हणून एकापुढे एक येतो, आणि सगळ्यांभोवती एक आवरण हवे असल्यास ‘एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर’ ही नोंद लावावी लागते. दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे निर्देश करत असतील, जसे कुटुंबाकडून सदस्याकडे आणि सदस्याकडून कुटुंबाकडे, तर लिहिण्याचे काम कधी संपणारच नाही असे पाहून जाक्सबी चूक देते. त्यातील एक दिशा वगळावी लागते.

वगळण्याचा हा अधिकार केवळ तांत्रिक सोयीचा नाही. आधारच्या ऑफलाइन दस्तऐवजाची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. सर्वांत बाहेरच्या एलिमेंटवर एक संदर्भ क्रमांक असतो, आणि तो आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक व वेळ मिळून बनलेला असतो. पूर्ण आधार क्रमांक दस्तऐवजात कोठेही नसतो. नाव, जन्मतारीख आणि लिंग ‘पीओआय’ या ओळखीच्या एलिमेंटमध्ये, जिल्हा, पिनकोड, राज्य इत्यादी ‘पीओए’ या पत्त्याच्या एलिमेंटमध्ये येतात, आणि यूपीआयच्या संदेशांप्रमाणे येथेही बहुतेक मूल्ये अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहिलेली असतात. छायाचित्र ‘पीएचटी’ या एलिमेंटमध्ये बेस-६४ या पद्धतीने, म्हणजे दर तीन बाइट्सची चार साधी अक्षरे करून, मजकूर म्हणून बसवलेले असते. जाक्सबी बाइट्सच्या फील्डला हे रूप आपोआप देते. मोबाइल क्रमांक आणि ईमेल यांच्या जागी मूळ मूल्य नसून त्यांपासून एकाच दिशेने काढलेला गणिती ठसा असतो, ज्यावरून मूळ क्रमांक परत काढता येत नाही, पण तो क्रमांक आणि फाइलचा सांकेतिक शब्द माहीत असलेल्याला जुळणी तपासता येते. एकाच माणसाच्या माहितीतील काही फील्डे जशीच्या तशी, काही अंशतः, काही रूपांतरित आणि एक मुळीच नाही, अशी ही निवड आहे. अशी निवड क्लासवरील नोंदींत दिसली पाहिजे. जो क्लास आपली सर्व फील्डे गृहीत नियमाने बाहेर सोडतो त्यात उद्या कोणी बँक खात्याचे फील्ड वाढवले तर तेही कोणाच्या निर्णयाविना बाहेर पडते. माणसांची माहिती हाताळणाऱ्या क्लासमध्ये नोंद असेल तेवढेच बाहेर जाईल असे उलटे गृहीत धरणारा पर्याय जाक्सबीत उपलब्ध आहे, आणि तो नेहमीचा व्हायला हवा.

त्याच दस्तऐवजाच्या शेवटी डिजिटल स्वाक्षरीचा एलिमेंट असतो, आणि त्यामुळे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. स्वाक्षरी ही दस्तऐवजाच्या ठरावीक रूपात आणलेल्या मजकुरावर केलेली असते. अ‍ॅट्रिब्यूटांचा क्रम किंवा अवतरणचिन्हांचा प्रकार यांसारखे किरकोळ फरक हे रूप दुरुस्त करून घेते, पण अक्षरांचे युनिकोड सामान्यीकरण ते करत नाही आणि गळालेला एलिमेंट तर परत आणू शकत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने हा दस्तऐवज वाचून ऑब्जेक्ट तयार केले आणि तेच ऑब्जेक्ट पुन्हा एक्सएमएलमध्ये लिहिले, तर क्लासला माहीत नसलेली प्रत्येक गोष्ट वाटेत गळालेली असते आणि नव्या मजकुरावर जुनी स्वाक्षरी जुळत नाही. अनोळखी एलिमेंट जपून ठेवण्यासाठी ‘एक्सएमएल-एनी-एलिमेंट’ ही नोंद आहे, पण स्वाक्षरीसाठी तीही पुरेशी हमी देत नाही. स्वाक्षरी तपासायची ती मूळ मिळालेल्या मजकुरावरच, आणि ऑब्जेक्ट हे केवळ वाचनाचे साधन मानायचे, हाच योग्य क्रम आहे.

आतले आणि बाहेरचे नाव वेगळे ठेवण्याचे मोल काळाच्या ओघात अधिक स्पष्ट झाले. जाक्सबी २००६ पासून जावाच्या सहाव्या आवृत्तीबरोबरच मिळत असे. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली, आणि पुढे जकार्ता या प्रकल्पाखाली गेल्यावर तिच्या नोंदींचे संपूर्ण घराणेच नव्या नावाखाली आले. हजारो क्लासांच्या डोक्यावरील आयातीच्या ओळी बदलाव्या लागल्या, परंतु ज्यांनी एलिमेंटांची नावे स्पष्ट लिहिली होती त्यांच्या दस्तऐवजांतील एक अक्षरही हलले नाही. आयकर विवरणपत्रांनी दुसरे वळण पाहिले. २०२०-२१ या करनिर्धारण वर्षापर्यंत करदात्याच्या संगणकावरील साधन विवरणपत्र एक्सएमएलमध्ये तयार करी आणि ते संकेतस्थळावर चढवले जाई. २०२१-२२ पासून तेथे जेसन हे टॅगविरहित, आटोपशीर मजकूर-रूप आले. जबलपूरच्या करसल्लागाराला अशिलाची जुनी आणि नवी अशी दोन्ही विवरणपत्रे हाताळावी लागतात, आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकाच फील्डवर एक्सएमएलची आणि जेसनची अशा दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवता येतात, दोन्हींत वेगवेगळी नावे देता येतात आणि फील्डचे स्वतःचे नाव तिसरेच असू शकते. अशा क्लासची चाचणी घेताना जुन्या वर्षाचा एक खरा, व्यक्तीची ओळख पुसलेला दस्तऐवज प्रकल्पातच जपून ठेवतात, प्रत्येक बदलानंतर तो वाचून पुन्हा लिहितात आणि निघालेला मजकूर मूळ मजकुराशी टॅगनिशी ताडून पाहतात. एखादे नाव, क्रम किंवा रिकामे फील्ड बदलले असेल तर ते विवरणपत्र दाखल होण्याच्या कितीतरी आधी तेथेच उघड होते.